सरावाच्या मेणबत्त्या

शाळेत मोठ्या बाईंना आजी म्हणायला बंदी होती. बंदी खुद्द मोठ्या बाईंनीच घातलेली, आणि ती पाळायची होती एकट्या खारूताईने, कारण अख्ख्या शाळेत त्यांची नात ती एकटीच. "इथे मी सगळ्यांची सारखी," असं त्यांनी पहिल्याच दिवशी नातीला दारात थांबवून बजावलं होतं. नातीने मान डोलावली, खिशातून अर्धं बिस्कीट काढून तोंडात टाकलं आणि "बरं, मोठ्या बाई" म्हणत आत पळाली. खिशात खाऊ साठवायच्या या सवयीवरूनच तिचं नाव खारूताई पडलं होतं.

शाळा म्हणजे सिनेगॉगच्या, ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या अंगणातल्या तीन खोल्या. गावात ज्यूंची घरं आधीच मोजकी, त्यातल्या निम्म्या घरांत फक्त म्हातारी माणसं आणि त्यांची औषधं. उरलेल्या घरांतली पोरं गोळा करून मोठ्या बाईंनी बालवाडीपासून चौथीपर्यंत शाळा चालवली होती, आणि ती कशी चालवली हे त्यांचं त्यांना ठाऊक. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, मध्ये एक कपाट. कपाटाच्या अलीकडे हिब्रू अक्षरं, पलीकडे वजाबाकी. अलीकडच्यांचे कान पलीकडे आणि पलीकडच्यांचे डोळे अलीकडे, त्यामुळे पहिलीतल्या पोरांना वजाबाकी फार लवकर यायची. हिब्रूचे मास्तर लग्न करून परदेशी गेले ते गेलेच, तेव्हापासून तो विषयही मोठ्या बाईंच्या गळ्यात पडला होता. स्वयंपाकघरात मांसाला मज्जाव. दूध आणि मांस एकत्र येऊ द्यायचं नाही हा धर्माचा नियम, आणि दोन्हींची वेगवेगळी भांडीकुंडी मांडायला जागा नाही, म्हणून त्यांनी सगळं सरळ दुधाचंच करून टाकलं. एखाद्या पोराच्या डब्यात कोंबडी निघाली की डबा अंगणात आणि पोरगंही अंगणात. पोरं यात शिक्षा मानत नसत, उलट अंगणात जेवायला मिळावं म्हणून घरी कोंबडीचा हट्ट धरत.

आणि शुक्रवार. शुक्रवारी शाळा किती वाजता सुटायची ते सूर्य ठरवायचा. सूर्य मावळला की शब्बाथचा विसावा लागतो, तो शनिवारी अंधार पडेपर्यंत, मग गाडी नाही, फोन नाही, काम नाही. त्याच्या आत एकेक पोर आपापल्या घरी पोचलं पाहिजे. सूर्यास्ताचा तक्ता ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला असे. एकदा तपासनीस आले, त्यांनी तो निरखून पाहिला आणि विचारलं, "इथे खगोलशास्त्र शिकवता का?" मोठ्या बाई म्हणाल्या, "नाही, बसवाल्याला शिकवतो."

सुटण्याआधी व्हायचा शब्बाथचा सराव. दर शुक्रवारी एक मुलगी शब्बाथची आई व्हायची, एक मुलगा शब्बाथचा बाबा. टेबलावर पांढरं कापड, वेणीसारखा पाव, पेल्यात द्राक्षाचा रस आणि लाकडी ठोकळ्यांमध्ये खोचलेल्या दोन मेणबत्त्या. शब्बाथची आई डोक्याला रुमाल बांधून काडी ओढल्यासारखं करायची, डोळ्यांवर हात धरायची आणि आशीर्वाद म्हणायची. पण मेणबत्त्या पेटवायच्या नाहीत. आणि आशीर्वादात देवाला हाक मारायची जागा आली की खरं नाव घ्यायचं नाही, त्याऐवजी म्हणायचं 'हाशेम', म्हणजे नुसतं 'ते नाव'. देवाला उगाच हाका मारायच्या नसतात. खरं नाव खऱ्या वेळी, घरी, आईने घ्यायचं. इतर शाळांत शिकवताना खरं नाव चालवून घेत असत, मोठ्या बाईंच्या शाळेत नाही. "शाळेने तालीम द्यायची. खरं काय ते घरी," हे त्या इतक्या वेळा म्हणत की दरवानकाकांनाही पाठ झालं होतं.

तर अशा या शाळेत एका बुधवारी, मधल्या सुट्टीत, मोठ्या बाईंची लेक आली. लेक दातांची डॉक्टर, याच कपाटाच्या दोन्ही बाजूंना बसून शिकलेली. ती खुर्चीवर बसली नाही.

"आई, हे सत्र संपलं की खारूला मी गावातल्या मोठ्या शाळेत घालतेय. दाखला लागेल."

गावातल्या शाळेला पोहण्याचा तलाव होता. मोठ्या बाईंच्या डोक्यात आधी तलावच आला. "पोहणं शिकवायचंय? त्याला सुट्टीत क्लास लावता येतो."

"पोहण्यासाठी नाही."

"मग? इथे काय कमी पडतंय तिला?"

"आजी," लेक म्हणाली. "तिला आजी कमी पडतेय. माझ्या वाट्याला आई आली नाही, बाई आल्या. घरी ताप आला तरी माझ्या तोंडून 'बाई, पाणी' निघायचं, आठवतंय तुला? तिचं तसं व्हायला नको."

मोठ्या बाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि नेमका फोन वाजला. बसवाला होता, टायर बसला होता. टायरची व्यवस्था लावून त्यांनी फोन ठेवला तेव्हा ऑफिसात कोणी नव्हतं.

बातमी संध्याकाळपर्यंत घड्याळजींच्या कानावर गेली. घड्याळजी चौकात घड्याळं दुरुस्त करत आणि शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष होते. डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवून ते म्हणाले, "बाई, तुमचीच नात निघाली म्हटल्यावर बाकीच्यांना आपण कुठल्या तोंडाने थांबवायचं? दुसरीतली उरलेली दोघंही जातील. मग पहिलीतल्यांचे आईबाप विचारात पडतील. काहीतरी करा. लेक तुमची आहे."

लेक तुमची आहे. मोठ्या बाई तेच म्हणत घरी गेल्या. त्यांना शाळेची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर काळजीपेक्षा राग जास्त होता. ज्या शाळेसाठी हाडाची काडं केली, तिच्यातून आपलंच पोर आपल्याच नातीला उचलून नेणार, आणि वर कारण काय, तर आजी. रात्रभर त्यांनी मनातल्या मनात लेकीला उत्तरं दिली. एकाहून एक सरस होती. सकाळी त्यांतलं एकही त्यांना पटेना.

मग त्यांना आठवलं की येत्या शुक्रवारी शब्बाथची आई व्हायची पाळी खारूताईची आहे. ज्या मुलीची पाळी तिच्या आईला वर्गात बोलवायचं ही शाळेची रीत. मोठ्या बाईंनी लगेच बेत रचला. कापडाला इस्त्री केली, पाव नेहमीपेक्षा मोठा आणवला, नातीकडून आशीर्वाद तीनतीनदा घोटून घेतला. पोरगी रुमाल बांधून उभी राहिली की लेकीला आपलं लहानपण दिसेल, ती विरघळेल आणि दाखल्याचं नाव काढणार नाही. बेत वाईट नव्हता. फक्त त्यात खारूताई होती.

शुक्रवारी लेक दवाखान्यातून तशीच आली आणि मागच्या छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली. मोठ्या बाई भिंतीपाशी उभ्या. पहिली-दुसरी शिकवणाऱ्या धाकट्या बाई दाराशी. खारूताईने रुमाल बांधला, हवेत काडी ओढली, दोन्ही मेणबत्त्यांना लावल्यासारखी केली, डोळ्यांवर हात घेतले आणि आशीर्वाद म्हटला. एक अक्षर चुकली नाही. 'हाशेम'वर आवाज जरा खाली आणायचा असतो, तोसुद्धा आणला. मोठ्या बाईंनी चोरून लेकीकडे पाहिलं. लेकीचे डोळे ओलावले होते. झालं, जमलं, असं त्यांना वाटलं.

पण खारूताईने डोळ्यांवरचे हात काढले नाहीत. तसेच हात ठेवून, आवाज बदलून, ती पुढे म्हणाली, "दाराची कडी लावली का? बसवाला आला? त्याला म्हणावं, नदीपलीकडची पोरं आधी सोड. गॅस बंद केलात ना? धाकट्या बाई, उरलेला पाव बांधून ठेवा. चला चला, झाला शब्बाथ, पळा."

आवाज हुबेहूब मोठ्या बाईंचा. वर्गात हशा फुटला. धाकट्या बाईंना एकदम खोकला आला. दरवानकाका कडी बघायला आलेच होते, ते आल्या पावली फिरले. लेकही हसली, तोंडावर हात धरून, अगदी पोट धरून हसली. मग हसता हसता तिचा चेहरा कसा कोण जाणे बदलला आणि ती खाली बघायला लागली.

"हे तुला कोणी शिकवलं?" मोठ्या बाईंनी विचारलं. रागवायचं होतं, पण आवाजात धार येईना.

खारूताई गोंधळली. "तुम्ही दर शुक्रवारी म्हणता की, मोठ्या बाई. आशीर्वाद झाला की डोळे झाकूनच म्हणता. मला वाटलं, तेही पाठ करायचं असतं."

सगळ्यांनी पावाचे तुकडे खाल्ले, रस प्यायला. अंगणात लेक खारूताईच्या कोटाची बटणं लावत होती. मोठ्या बाई जवळ गेल्या तशी ती मान वर न करताच म्हणाली, "लहानपणी मलाही तसंच वाटायचं. कितीतरी वर्षं."

फाटकाबाहेर बसवाल्याने हॉर्न दिला. मोठ्या बाईंचे पाय आपोआप फाटकाकडे वळले. वळले म्हणजे चार पावलं गेलेसुद्धा, मग त्यांच्या ते लक्षात आलं. वळून पाहीपर्यंत लेक खारूताईला घेऊन गाडीशी पोचली होती.

त्या वर्गात परतल्या. टेबलावर चुरा पडला होता आणि मधोमध मेणबत्त्या. त्या मेणबत्त्या लेक पहिलीत गेली त्या वर्षी आणलेल्या. पेटवायच्याच नव्हत्या म्हणून बदलायचं कारणच पडलं नव्हतं. इतक्या उन्हाळ्यांनी त्या किंचित वाकल्या होत्या, अंगावर पिवळट झाक आली होती, वाती मात्र नव्याकोऱ्या, पांढऱ्याशुभ्र. गावातल्या प्रत्येक ज्यू मुलीने त्यांच्यापुढे डोळे झाकले होते.

मोठ्या बाई पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांना आपल्या घराची खिडकी आठवली. शुक्रवारी शेवटचं पोर घरी पोचवून त्या धापा टाकत गल्लीत शिरायच्या तेव्हा खिडकीत लेक उभी असायची, हातात काड्यांची पेटी घेऊन. "आज मी लावू?" असं ती दर वेळी विचारायची. "सूर्य चाललाय बाळा, पुढच्या वेळी," असं त्या दर वेळी म्हणायच्या, तिच्या हातातून पेटी घ्यायच्या, एका दमात लावायच्या, एका दमात म्हणायच्या आणि डोळ्यांवरचे हात काढायच्या आत शाळेच्या कडीची आठवण यायची. जेवण अर्धं होईतो खुर्चीतच डोळा लागायचा. सगळ्या गावाला तालीम दिली, स्वतःच्या पोरीला खरी वेळ एकदाही दिली नाही. त्यांना फार वाईट वाटलं. राग कुठच्या कुठे गेला आणि त्याच्या जागी नुसतं दुःख उरलं.

मग त्या उठल्या. दोन्ही मेणबत्त्या लाकडी ठोकळ्यांतून उपसून रुमालात गुंडाळल्या आणि पर्समध्ये टाकल्या. उरलेला पाव बांधलेला होताच. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी धाकट्या बाईंच्या हातात दिला.

"आज तुम्ही बंद करा. उद्या सकाळी सिनेगॉग घड्याळजींनी उघडायचं, तसा त्यांना निरोप द्या."

"मला जमेल का, बाई?" धाकट्या बाईंचा चेहरा उतरला.

"मला तरी कुठे जमत होतं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि जाऊन शाळेच्या बसमध्ये बसल्या.

बसमधल्या पोरांचा श्वासच अडकला. मोठ्या बाई बसमध्ये म्हणजे नक्की कोणाची तरी तक्रार घरापर्यंत जाणार, असं प्रत्येकाला आपापल्या पापांप्रमाणे वाटलं. नदी ओलांडेपर्यंत इतकी शांतता त्या बसने कधी पाहिली नव्हती.

"तुम्हाला कुठे सोडू?" बसवाल्याने आरशातून विचारलं.

"लेकीकडे."

"परत न्यायला किती वाजता येऊ?"

"येऊ नका. राहणार आहे."

दार जावयाने उघडलं, खांद्यावर पुसायचं फडकं. त्याच्या कमरेखालून खारूताईचं डोकं बाहेर आलं. "आई, मोठ्या बाई आल्यात."

लेक घाबरून आली. "काय झालं? शाळेत काही?"

"शाळेत काही नाही. राहायला आलेय. सूर्य बुडाला की मला गाडीत बसता येत नाही, म्हणजे उद्या अंधार पडेपर्यंत तुझी माझ्यापासून सुटका नाही."

"जेवायला काही खास नाही केलेलं."

"पाव आणलाय मी."

लेक दारातच उभी राहिली. "दाखल्याचं बोलायला आली असशील, तर मी ठरवलंय, आई."

"माहीत आहे. दाखला सोमवारी मिळेल. सही मीच करेन." हे वाक्य त्यांनी बसमध्ये पुन्हा पुन्हा घोकलं होतं. "मला आत येऊ देतेस का? सूर्य चाललाय."

जावई लिफ्ट दुरुस्त करणारा इंजिनियर, मितभाषी माणूस. मेणबत्त्या बघून त्याने न विचारता दोन स्टीलच्या वाट्या आणल्या, मेणबत्त्यांची बुडं तापवून त्यांत चिकटवल्या आणि वाकडी मेणबत्ती हलणार नाही याची खात्री करून घेतली. लेकीने त्या ओळखल्या. तिने बोटाने वात चाचपून पाहिली.

"या शाळेतल्या? यांना तर हात लावू द्यायची नाहीस तू."

"घर तुझं आहे. लावायच्या तू." मोठ्या बाईंनी काड्यांची पेटी पुढे केली.

लेकीने पेटीकडे पाहिलं आणि मग आईकडे. बराच वेळ पाहिलं. मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, खिडकीकडेही नाही, आणि हे त्यांना किती जड गेलं ते सूर्यालाच ठाऊक. शेवटी लेकीने पेटी घेतली. पहिली काडी मोडली, दुसरी पेटली. इतक्या वर्षांच्या वाती आधी चरचरल्या, धुरकटल्या, मग एकेक ज्योत उभी राहिली. लेकीने डोळ्यांवर हात धरले आणि म्हणायला सुरुवात केली. देवाला हाक मारायची जागा आली तिथे तिचा आवाज शिस्तीत खाली आला आणि ती म्हणाली, "हाशेम."

मोठ्या बाईंना चटका बसला. पोरगी पस्तिशी ओलांडून गेली, लोकांचे दात काढते, आणि अजून सरावच म्हणतेय. दुसरं म्हणायची वेळ तिच्यावर कधी आणलीच नव्हती कोणी.

"बाळा," त्या हळूच म्हणाल्या, "आज खरं नाव घे. आज सराव नाही."

मग लेकीने आशीर्वाद पहिल्यापासून म्हटला, अडखळत, खरं नाव घेऊन. संपल्यावरही तिने हात काढले नाहीत. खांदे हलत होते. मोठ्या बाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याही डोळ्यांना पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही.

खारूताई वाट बघून कंटाळली. "आता कडीचं कोण म्हणणार?" तिने विचारलं.

"नाही म्हणायचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "लावली असेल कोणीतरी."

जेवताना त्यांचा डोळा लागला नाही. जेवणानंतर त्या लेकीशी बोलत बसल्या. शाळेचा विषय निघाला नाही असं नाही, पण तो लेकीने काढला. खारूताईला गावातल्या शाळेत घालायचं तिने ठरवलं ते ठरवलंच, त्यात बदल झाला नाही. "पण पुढच्या शुक्रवारी येशील?" असं तिने दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर, आईला गाडीने घरी सोडताना विचारलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "किल्ल्या धाकट्या बाईंकडेच आहेत."

सोमवारी घड्याळजी भल्या सकाळी दुकान न उघडता शाळेत हजर. मोठ्या बाई पहिली-दुसरीच्या खोलीत फळा पुसत होत्या.

"बोललात लेकीशी?"

"बोलले. दाखला लिहून ठेवलाय. सत्र संपलं की ती जाईल."

घड्याळजी मटकन बाकावर बसले. "आणि मग उरलेल्यांना काय सांगायचं?"

"खरं ते सांगेन. नातीला शाळा दुसरी मिळेल, आजी दुसरी मिळणार नाही म्हणून सोडली, असं. त्यावरून ज्यांना जायचं ते जातील. राहतील त्यांना शिकवू." आवाज स्थिर होता, पण फळा पुसून लख्ख झाला तरी त्या तो पुसतच होत्या. आपली शाळा आपल्या हातानेच थोडी रिकामी केली, हे त्यांना खुपत होतं आणि खुपतच राहणार होतं.

तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं आत घुसली. पहिलीतल्या एकीचं लक्ष फडताळावर गेलं. लाकडी ठोकळे रिकामे होते.

"मोठ्या बाई, मेणबत्त्या कुठे गेल्या?"

उत्तर मागून आलं. खारूताई दप्तर ओढत आत येत होती, तोंडात काहीतरी होतं. "त्या आमच्या घरी लावल्या," ती म्हणाली. "खऱ्या लावल्या. पार तळापर्यंत जळल्या. हो की नाही, आजी?"

सगळ्यांच्या माना मोठ्या बाईंकडे वळल्या. बंदी सगळ्यांना ठाऊक होती. खारूताईच्याही ते लक्षात आलं, तिने तोंडावर हात ठेवला.

मोठ्या बाईंनी डस्टर खाली ठेवलं. "हो," त्या म्हणाल्या, "पार तळापर्यंत." आणि नव्या आणायला सांगण्यासाठी त्या दरवानकाकांकडे गेल्या.